गर्दीच्या वेळचा रस्ता आणि त्याचे मोल

पाटाच्या पाण्याला पट्टी असते, जमिनीला सारा असतो, आठवड्याच्या बाजारात जागा धरली तर तिचेही भाडे द्यावे लागते. रस्ता मात्र आपण फुकटचा समजतो. हमरस्त्यावर टोलनाका लागला तर कुरकुरत पैसे देतो. पण शहरातला रस्ता तो काय, सगळ्यांचाच, त्याचे मोल कोण मागणार! आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो या समजुतीला थोडा धक्का देणारा आहे. गर्दीच्या वेळी गर्दीच्या रस्त्यावर जो गाडी घेऊन येईल त्याच्याकडून त्या वेळेपुरता आकार घ्यायचा, गर्दी हलकी करायची, आणि उभ्या उभ्या जळणारे पेट्रोल-डिझेल वाचवायचे, अशी ही कल्पना आहे. परदेशातल्या काही शहरांनी ती अंमलात आणली. आपल्या देशात तिचे नाव निघते, चर्चा होते आणि प्रकरण थंडावते.

हा शहरवाल्यांचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे खेड्यातल्या श्रोत्याला वाटेल. पण तसे नाही, ते पुढे दिसेल.

आमच्या माधवनगराहून सांगलीला जाणारा रस्ता घ्या. अंतर चार-पाच किलोमीटरचे. उसाचा हंगाम सुरू झाला की या बाजूच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या झुलत चालू लागतात. मागे एस.टी., तिच्या मागे मोटारी, आणि मिळेल त्या फटीतून शाळा-कॉलेजची पोरे दुचाकीवर. चिंतामणीनगरचा रेल्वेवरचा जुना पूल २०२३ साली नव्या पुलासाठी पाडला, तेव्हा वळशाच्या रस्त्यांची काय दशा झाली हे इकडच्या माणसाला सांगायला नको. अंतर वाढले ते वेगळेच, पण खरा खर्च वाढला तो थांबत-थांबत जाण्याचा.

आता हे थांबत जाणे इतके महाग का पडते? ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला हे चटकन कळेल. भरलेली गाडी जागची हलवताना बैलांच्या माना खाली जातात, खांदे ताणले जातात. एकदा चाक फिरले की तीच गाडी निम्म्या जोराने चालते. इंजिनाचेही तसेच आहे. शून्यापासून वेग घ्यायला सर्वांत जास्त इंधन लागते, आणि आपण ब्रेक दाबला की मिळवलेला सगळा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघून जातो. पुन्हा आरंभापासून सुरुवात. साधारणपणे ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या एकसारख्या वेगात मोटार सर्वांत कमी इंधन खाते. तीच गाडी दर पन्नास पावलांवर थांबू लागली तर तेवढ्याच अंतराला जवळजवळ दुप्पट इंधन लागू शकते. आणि नुसती उभी असली, इंजिन मात्र चालू, तरी छोटी मोटारसुद्धा तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. ट्रक आणि बस त्याहून जास्त. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शंभरातले ८५ भागांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते, त्यातले काही रोज असे चौकाचौकांत उडून जाते. (विजेवरची गाडी उभी असताना असे जाळत नाही, हे खरे. पण ती रस्त्यावरची जागा तेवढीच अडवते, आणि तिच्या मागे उभी असलेली एस.टी. डिझेलवरच असते.)

मग लोक अशा वेळी गाडी काढतात तरी कशाला? इथे अर्थशास्त्राचा एक साधा पण महत्त्वाचा मुद्दा आहे. समजा, एका रस्त्यावर १,००० गाड्या आधीच दाटीने चालल्या आहेत. आपण आपली एक गाडी त्यात घातली आणि तिच्यामुळे प्रत्येकाला फक्त एक सेकंद जास्त थांबावे लागले. एका सेकंदाची तक्रार कोण करणार? पण हजारांचा एकेक सेकंद मिळून सतरा मिनिटे झाली. आपण घरातून निघताना हिशेब करतो तो आपल्या वेळेचा आणि आपल्या पेट्रोलचा. इतरांवर टाकलेली ही सतरा मिनिटे आणि त्या सतरा मिनिटांचे इंधन आपल्या हिशेबात कधीच येत नाही. मागचा प्रत्येकजण हेच करतो, आणि शेवटी सगळेच एकमेकांची वाट अडवून बसतात. यात कोणी दुष्ट नसतो.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात हाच विचार दोन रस्त्यांचे उदाहरण घेऊन मांडला होता. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम विक्री यांनी तो व्यवहारात आणण्याचा ध्यास घेतला. १९५९ साली वॉशिंग्टन शहरासाठी त्यांनी सुचवले की, प्रत्येक मोटारीला ओळख पटवणारे एक विद्युत्-यंत्र बसवावे, म्हणजे गाडी न थांबवता आकारणी करता येईल. लोकांना तो पोरखेळ वाटला. १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तिसऱ्याच दिवशी ते वारले. आज आपल्या मोटारीच्या काचेवर चिकटवलेला फास्टॅग हा त्याच कल्पनेचा नातलग आहे.

या विचारातली एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. अटीतटीच्या रस्त्यावर गर्दी निम्मी करण्याची गरज नसते. रस्त्याच्या एका पट्ट्यावरून उत्तम स्थितीत तासाला साधारण २,००० मोटारी जातात. त्या मर्यादेला रस्ता टेकला की वर थोड्याच गाड्या आल्या तरी ओघ तुटतो, आणि मग २,००० सुद्धा जात नाहीत. ज्वारीचे पोते तोंड मोकळे ठेवून ओतले तर धार लागते. एकदम उलटे केले तर दाणे तोंडाशी अडकतात आणि हाताने मोकळे करावे लागतात, तसेच हे. म्हणून शंभरातल्या दहा-पंधरा गाड्या जरी दुसऱ्या वेळेला गेल्या तरी उरलेल्या पंचाऐंशी सुरळीत चालू लागतात. मे महिन्यात शाळा बंद असताना शहरातला रस्ता कसा मोकळा वाटतो ते आठवा. सगळे शहर काही गावाला गेलेले नसते, थोडीच वाहने कमी झालेली असतात.

वेळेप्रमाणे दर ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. एस.टी.डी. बूथचा काळ आठवत असेल. रात्री अकरा वाजले की लांबच्या फोनचा दर पावपट होई. मग मुंबईच्या मुलाशी बोलायला म्हातारे आईबाप जेवणे उरकून बूथच्या बाकावर बसून राहत. व्यापारी मात्र सकाळी दहालाच पुरा दर देऊन बोलायचा, कारण त्याचा भाव त्याच वेळी ठरायचा. कोणी कोणाला बंदी केली नव्हती. ज्याचे काम थांबू शकते त्याने थांबावे, ज्याचे थांबू शकत नाही त्याने जास्त द्यावे, आणि तारांवरचा ताण दिवसभर वाटला जावा, एवढाच त्यातला हेतू. कारखान्यांच्या विजेलाही वेळेनुसार वेगवेगळा दर असतो, हे यंत्रमागवाल्यांच्या गावात वेगळे सांगायला नको.

इथे एक घोटाळा होतो तो दूर केला पाहिजे. टोल म्हणजे हे नव्हे. टोल हा रस्त्याच्या किंवा पुलाच्या बांधकामाचा खर्च वसूल करण्यासाठी असतो. तो सकाळी नऊला जेवढा, तेवढाच रात्री दोनला. मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके, म्हणजे दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन, यांवर वर्षानुवर्षे मोटारींकडून असा टोल घेतला गेला. उड्डाणपुलांचा खर्च भागवण्यासाठी तो होता. २०२३ साली तो मोटारीला ४५ रुपये झाला होता, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने हलक्या वाहनांना तो माफ केला. माफी मिळाल्यावर मोटारवाल्यांना आनंद झाला, तो साहजिक आहे. पण मला त्यात वाटते ते असे, की त्या टोलने मुंबईतली गर्दी कधी कमी केलीच नव्हती, कारण वेळेशी त्याचा काही संबंध नव्हता. उलट नाक्यावरच्या रांगेनेच इंधन खाल्ले. हिशेब करून पाहा : रांगेत ५०० मोटारी धरा, प्रत्येकीला दहा मिनिटे धरा, तासाला ०.६ लिटर जळते असे धरा. एका मोटारीचे १०० मिलिलिटर, आणि ५०० मोटारींचे ५० लिटर. हे पैसे ना सरकारला मिळाले, ना ठेकेदाराला, ना आपल्याला.

जकात नाक्यांची गोष्टही तीच. ट्रकच्या ट्रक रात्रभर वेशीवर उभे असायचे. १ जुलै २०१७ पासून वस्तू-सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, तेव्हा वाहतूकदारांनी सुटकेचा नि:श्वास टाकला तो कर कमी झाला म्हणून नव्हे, थांबणे गेले म्हणून. तेव्हा पहिला नियम असा, की जी आकारणी गाडी थांबवते ती इंधन वाचवू शकत नाही.

हे सर्वांत आधी ओळखले सिंगापूरने. तिथे २ जून १९७५ रोजी शहराच्या मध्यभागाभोवती एक हद्द आखली. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात मोटार आत न्यायची तर दिवसाला तीन डॉलरचा परवाना घ्यायचा. परवाना म्हणजे कागदाचा एक तुकडा, काचेवर लावायचा. हद्दीवरच्या कमानीखाली माणसे उभी असत. ती गाडी अडवत नसत, परवाना नसलेल्या गाडीचा नंबर फक्त टिपून घेत. दंडाची चिठ्ठी मागाहून घरी. इतके साधे काम! चालकासह चारजण मोटारीत असतील तर परवाना माफ. त्यामुळे काय झाले, मोटारवाले वाटेत बसच्या थांब्यावरची माणसे बोलावून गाडीत घेऊ लागले. त्या वेळात आत शिरणारी वाहने शंभराला चाळीसच्या वर कमी झाली. एक फजितीही झाली. साडेनऊ वाजायची वाट पाहत लोक हद्दीबाहेर थबकू लागले, आणि साडेनऊनंतर लोंढा आत. मग दोनच महिन्यांत वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. १९९८ पासून तिथे कागद गेला आणि कमानींवरची यंत्रे आली. दर कमानीप्रमाणे आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलतो, आणि तो ठरवताना बघतात काय, तर रस्त्यावरचा वेग. गाड्या फार सावकाश चालू लागल्या तर दर वाढवायचा, फार मोकळ्या धावू लागल्या तर कमी करायचा. पाटकरी जसा दार वरखाली करतो तसे.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्यवर्ती भागात दिवसाला पाच पौंडांचा आकार सुरू केला. कॅमेरे नंबराच्या पाट्या वाचतात. पहिल्या वर्षी गर्दीमुळे होणारा खोळंबा शंभराला तीस भाग कमी झाला. पुढे रस्त्यांची खोदाई, पायी चालणाऱ्यांसाठी सोडलेली जास्त जागा, भाड्याच्या मोटारींची वाढ अशा कारणांनी तो खोळंबा पुष्कळसा परत आला. म्हणजे एकदा दर लावला आणि विसरलो, असे चालत नाही.

मला स्वत:ला सर्वांत बोधप्रद वाटते ती स्टॉकहोमची हकिकत. स्वीडनच्या या राजधानीत बहुसंख्य लोक या कल्पनेच्या विरुद्ध होते. तेव्हा असे ठरले, की आधी सात महिने करून पाहू, मग मत घेऊ. आकारणी सुरू व्हायच्या चार-पाच महिने आधी, ऑगस्ट २००५ पासून, जादा बसगाड्या सोडल्या. हा क्रम लक्षात ठेवा : आधी बस, मग आकार. ३ जानेवारी २००६ ला आकारणी सुरू झाली. हद्द ओलांडणारी वाहने शंभराला वीस कमी झाली, रांगेतला वेळ तिसऱ्या हिश्शाने, काही ठिकाणी निम्म्याने घटला. ३१ जुलैला प्रयोग संपला आणि रांगा परत हजर! लोकांनी दोन्ही स्थिती डोळ्यांनी पाहिल्या. सप्टेंबरमध्ये मतदान झाले तेव्हा शहरवासीयांचे बहुमत आकारणीच्या बाजूने पडले, आणि ऑगस्ट २००७ पासून ती कायमची झाली.

इंधन किती वाचले, हा आपला मूळ प्रश्न. स्टॉकहोमच्या मध्यभागात गाड्यांच्या धुरातला कार्बन वायू शंभराला सुमारे चौदा भाग घटला. इंधन आणि हा वायू हे जुळे भाऊ, एक घटला की दुसरा त्याच प्रमाणात घटतो. पण सगळ्या जिल्ह्याचा हिशेब केला तर घट दोन-तीन भागांचीच भरते. तेव्हा हा उपाय देशाची तेलाची आयात आटवून टाकील असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. जिथे गर्दी आहे तिथे तो काम करतो, तिथल्यापुरतेच करतो. माझ्या मते हाच त्याचा गुण आहे.

तो कसा, ते आता सांगतो, आणि इथे खेड्याचा संबंध येतो. कोणी म्हणेल, इंधन वाचवायचे तर पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढवा, ही यातायात कशाला? पण लिटरमागचा कर दादरच्या चौकात सकाळी नऊ वाजता एकटा बसून मोटार हाकणाऱ्याला जेवढा, तेवढाच जत तालुक्यातल्या मोकळ्या रस्त्यावरून डाळिंबाच्या पेट्या घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला. जतच्या रस्त्यावर त्याने कोणाचा एक सेकंदही अडवलेला नसतो. दादरच्या गर्दीचा दंड जतने का भरावा? इंधनावरच्या कराला जागा कळत नाही आणि वेळ कळत नाही. गर्दीच्या आकाराला दोन्ही कळतात.

आता गरिबाचा प्रश्न. श्रीमंत पैसे फेकून जाईल आणि गरीब घरी बसेल, ही शंका रास्त आहे, ती उडवून लावता येणार नाही. परंतु आज काय चालले आहे तेही पाहिले पाहिजे. तासगावहून मिरजेच्या दवाखान्याला निघालेली म्हातारी एस.टी.त बसलेली असते. एस.टी.त पन्नास माणसे, आणि पुढे पन्नास मोटारी, बहुतेकींत एकेक माणूस. सगळे सारखेच खोळंबतात. म्हणजे मोल आजही द्यावे लागतेच, फक्त ते वेळेत आणि डिझेलात जाते, आणि ते कोणाच्याच हाती पडत नाही. उसाच्या गाडीचे असेच होते : काट्यावर नंबर लागेपर्यंत ऊस वाळतो, वजन घटते, ते घटलेले वजन ना शेतकऱ्याला मिळते, ना कारखान्याला. पैशात घेतलेले मोल निदान कोणाच्या तरी हाती राहते, आणि त्यातून बस घेता येते. लंडनने सुरुवातीलाच सुमारे तीनशे जादा बस आणल्या, आणि आकाराचे उत्पन्न पहिली दहा वर्षे वाहतुकीवरच खर्चावे अशी कायद्यात तरतूद होती. बस नसेल आणि उत्पन्न कोठे जाते ते कळत नसेल, तर मात्र हा आकार म्हणजे निव्वळ दंड, आणि अशा दंडाला लोकांनी विरोध केला तर मी त्यांना दोष देणार नाही.

आपल्या राज्यात याच्या जवळपास जाणारा प्रयत्न पुण्यात झाला. २०१८ साली महापालिकेने गाड्या उभ्या करण्यासंबंधी धोरण आणले. ज्या भागात जागेची ओढाताण जास्त तिथे दर जास्त, हे त्याचे सूत्र. मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी धोरण मंजूर झाले ते पाच रस्त्यांवर प्रयोग करण्यापुरते. पुढे तेही रेंगाळले. विरोध करणाऱ्यांचा प्रश्न एकच होता : आधी पुरेशा बस कोठे आहेत? प्रश्न बरोबर होता. स्टॉकहोमचा क्रम पुण्यात उलटा झाला. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ साली शहरात शिरणाऱ्या ट्रकांवर पर्यावरण-भरपाईचा आकार बसला; तो धुराकरिता होता, गर्दीच्या घटकेकरिता नव्हे, पण शहरात शिरण्याला मोल असू शकते हे त्याने मान्य करून घेतले.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती दुचाकीची. फास्टॅग चारचाकी आणि त्यावरच्या वाहनांना असतो, आणि आपले रस्ते तर दुचाकींनी भरलेले. दुचाकी जागा थोडी अडवते आणि इंधनही थोडे जाळते. लंडनने तिला आकार लावला नाही. आपणही लावू नये, असे माझे मत आहे. नाहीतर कामगार आणि नर्सबाई यांच्याच खिशाला पहिला हात लागायचा.

सांगली-माधवनगरला असा आकार लावावा का? नाही. इथे गर्दी दिवसभराची नाही. ती हंगामाची आहे, शाळा सुटण्याच्या घटकेची आहे, आणि काही अरुंद जागांची आहे. आयर्विन पूल १९२९ साली झाला तो त्या काळच्या वाहतुकीसाठी. त्याची रुंदी आकार लावून वाढत नाही. एवढ्या गावासाठी कॅमेरे आणि कचेरी उभी केली तर उत्पन्न त्यांच्या पगारातच जायचे. इथे वेळ वाटून देणे हाच स्वस्त उपाय. कारखान्याकडे जाणाऱ्या भरल्या ट्रॉल्या शाळा-कचेरीच्या तासाला शहरातून जाणार नाहीत एवढे शेती विभाग, वाहतूकदार आणि पोलीस यांनी मिळून ठरवले, मार्केट यार्डात हळदीच्या गाड्या येण्याच्या वेळा पुढेमागे केल्या, आणि शाळांनी सुटण्याच्या वेळेत पंधरा-पंधरा मिनिटांचा फरक ठेवला, तरी शंभरातल्या त्या दहा-पंधरा गाड्या बाजूला होतात. मुंबई-पुण्याची गोष्ट निराळी. तिथे आज ना उद्या हा विचार करावाच लागेल, आणि तो बस आल्यावर.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन गावच्या फाट्यावर, रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी सकाळी एक तास बसावे. वहीत चार रकाने पाडावेत : वाहनाचा प्रकार, संख्या, आत दिसलेली माणसे, आणि चौकात किती वेळ थांबले. वर्गात आल्यावर प्रत्येक प्रकारच्या वाहनामागे माणसे किती याचा भागाकार करावा, आणि थांबलेल्या मिनिटांवरून इंधनाचा अंदाज काढावा. त्रैराशिकाचा याहून चांगला धडा मिळणार नाही. हा तक्ता एकदा दिवाळीपूर्वी आणि एकदा हंगाम सुरू झाल्यावर करावा, कारण उसाच्या गाड्या रस्त्यावर आल्या की सगळे आकडे बदलतात.